केस, नखे आणि बायोटिनची गोळी

‘केस, त्वचा आणि नखांसाठी’ असे ठळक अक्षरांत छापलेल्या गोळ्यांच्या बाटल्या तुम्ही पाहिल्या असतील. शहरातील औषधांच्या दुकानात त्या काचेच्या कपाटात समोरच मांडलेल्या असतात. आणि आता तर आमच्या नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या खेड्यातही मागवल्या की घरपोच येतात. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते : बायोटिन, १० मिलिग्रॅम.

प्रथम एक छोटे गणित करू. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरते, असे अमेरिकेतील आहारतज्ज्ञांनी ठरवले आहे. १ मिलिग्रॅम म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम. तेव्हा १० मिलिग्रॅम म्हणजे १०,००० मायक्रोग्रॅम. याला ३० ने भागा. उत्तर येते ३३३. म्हणजे एका गोळीत जवळजवळ अकरा महिन्यांचे बायोटिन भरलेले आहे! एवढे बायोटिन घेतल्याने केस दाट होतात, नखे टणक होतात, याला पुरावा काय? आणि मुळात ‘पुरावा’ म्हणायचे तरी कशाला? या दोन प्रश्नांची उत्तरे आपण शोधू.

कच्च्या अंड्याची गोष्ट

बायोटिन हे ‘ब’ गटातील एक जीवनसत्त्व आहे. त्याचा शोध लागला तो त्याच्या अभावामुळे. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मार्गारेट बोआस या संशोधिका उंदरांच्या आहारावर प्रयोग करीत होत्या. प्रथिन म्हणून त्यांनी उंदरांना अंड्याचा वाळवलेला कच्चा पांढरा भाग दिला. काही आठवड्यांत उंदरांच्या कातडीवर चट्टे उठले आणि केस गळू लागले. यकृतासारखे काही पदार्थ दिले की उंदीर बरे होत. १९२७ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे पॉल ज्यॉर्जी यांनी या अज्ञात संरक्षक द्रव्याला ‘एच’ जीवनसत्त्व म्हटले. जर्मन भाषेत त्वचेला ‘हाउट’ म्हणतात, त्यातील हे ‘एच’ अक्षर.

दुसरीकडे हॉलंडमध्ये कोगल आणि टोनिस हे रसायनशास्त्रज्ञ यीस्टच्या वाढीला लागणारे एक द्रव्य शोधत होते. १९३६ साली त्यांनी अंड्यांचा २५० किलोग्रॅम वाळवलेला बलक घेऊन त्यातून त्या द्रव्याचे स्फटिक मिळवले. किती मिळाले असतील? फक्त १.१ मिलिग्रॅम! त्याला त्यांनी ‘बायोटिन’ हे नाव दिले. १९४० साली असे सिद्ध झाले, की हे बायोटिन आणि ते ‘एच’ जीवनसत्त्व एकच आहे.

मग अंड्याच्या पांढऱ्या भागाने केस का गळतात? त्यात ‘अ‍ॅव्हिडिन’ नावाचे एक प्रथिन असते. त्याचा एक रेणू बायोटिनचे चार रेणू पकडतो आणि ही पकड विलक्षण घट्ट असते. अन्नातील बायोटिन अ‍ॅव्हिडिनच्या तावडीत सापडले, की आतड्यातून रक्तात जाऊ शकत नाही. आपण पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी, तेव्हा या पकडीचे मापही पाहू. १९९४ साली जर्मनीतील संशोधकांनी अणुबल सूक्ष्मदर्शकाने ही एकेक जोडी ओढून तोडली. त्यासाठी सुमारे १६० पिकोन्यूटन बल लागले. रेणूंच्या जगात, रासायनिक बंध नसताना, ही ओढ फार मोठी मानतात. अंडे उकडले की मात्र अ‍ॅव्हिडिनची घडी विसकटते आणि त्याची पकड सुटते. म्हणून शिजवलेले अंडे खाणाऱ्याला काही भय नाही. ही घट्ट पकड लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा आपल्याला भेटणार आहे.

१९४२ साली सायडेनस्ट्रिकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार स्वयंसेवकांना बराच कच्चा पांढरा बलक असलेला आहार दिला. काही आठवड्यांत त्यांच्या त्वचेला कोंडा सुटू लागला. पुढे थकवा, स्नायूदुखी, फिकटपणा आला. बायोटिन टोचताच थोड्या दिवसांत ते सुधारले. १९८१ साली अमेरिकेत एका आजारी लहान मुलीची हकीकत प्रसिद्ध झाली. तिला आतड्याच्या विकारामुळे सर्व पोषण शिरेतून द्यावे लागत होते आणि त्या द्रवात बायोटिन घातलेले नव्हते. तिच्या अंगावर पुरळ आले, डोक्यावरचे सर्व केस गेले. बायोटिन सुरू केल्यावर केस परत आले. जन्मतःच शरीरातील बायोटिन पुन्हा पुन्हा वापरता न येणारी बालकेही असतात. साधारण साठ हजारांत एक. त्यांना रोज काही मिलिग्रॅम बायोटिन दिल्यास ती चांगली वाढतात, न दिल्यास त्यांच्या मेंदूलाही इजा होते.

तेव्हा बायोटिनच्या अभावी केस गळतात, हे निर्विवाद खरे आहे.

अभाव आणि भर

पण येथेच एक उडी मारली जाते. ‘बायोटिन नसले तर केस गळतात’ हे खरे. म्हणून ‘जास्त बायोटिन घेतले तर जास्त केस येतात’ हेही खरे, असे अनेकांना वाटते. ही दोन विधाने एक नव्हेत. भाकरीच्या पिठात मीठ नसेल तर भाकरी अळणी लागते. म्हणून मूठभर मीठ टाकल्यास ती अधिक रुचकर होते काय?

शरीरात बायोटिनचे काम ठरलेले आहे. कार्बन डायॉक्साइडचा अंश एका रेणूवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या काही मोजक्या विकरांना (एन्झाइमांना) ते चिकटून राहते व त्यांना मदत करते. त्या विकरांवरील सर्व जागा भरल्या, की उरलेले बायोटिन लघवीवाटे बाहेर पडते. आणि निरोगी माणसाला त्याची उणीव क्वचितच भासते. एका शिजवलेल्या अंड्यात सुमारे १० मायक्रोग्रॅम बायोटिन असते. शेंगदाणे, रताळी, सूर्यफुलाच्या बिया यांतही ते थोडे थोडे असते. खानदेशातील शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाणारा माणूस नकळत बायोटिन खातच असतो.

घोड्यांची परीक्षा झाली, माणसांची?

आता चाचण्यांकडे वळू. नखांवरील बरेचसे संशोधन सुरू झाले ते जनावरांच्या खुरांवरून. खूर, नख आणि केस हे तिन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले. १९८९ साली स्वित्झर्लंडमध्ये ठिसूळ नखे असलेल्या ४५ रुग्णांना रोज २.५ मिलिग्रॅम बायोटिन दिल्याची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४१ जणांची नखे अधिक टणक झाली. आकडा मोठा दिसतो. पण या चाचणीत बायोटिन न घेतलेला दुसरा गटच नव्हता. ऋतू बदलला, भांडी घासणे कमी झाले, माणूस नखांची काळजी घेऊ लागला, तरी नखे सुधारतात. तशी किती सुधारली असती, हे कळायला दुसरा गट हवा.

गंमत अशी, की घोड्यांच्या बाबतीत ही काळजी घेतली गेली. लिपिझानर जातीच्या ४२ घोड्यांवरील प्रयोग १९९५ साली प्रसिद्ध झाला. काहींना रोज २० मिलिग्रॅम बायोटिन आणि बाकीच्यांना बायोटिन नसलेली, पण तशीच दिसणारी भुकटी दिली. बायोटिन घेतलेल्या घोड्यांचे खूर सुमारे नऊ महिन्यांनी अधिक चांगले दिसू लागले. पण लक्षात घ्या : त्या घोड्यांचे खूर आधीच खराब होते, आणि पाचशे किलोच्या घोड्याला २० मिलिग्रॅम, तर पन्नास किलोच्या मुलीला १० मिलिग्रॅम!

केसांच्या बाबतीत काय? २०१७ साली अमेरिकेतील तीन त्वचाशास्त्रज्ञांनी तोपर्यंत प्रसिद्ध झालेले लेख चाळले. बायोटिनने केस किंवा नखे सुधारल्याची १८ प्रकरणे त्यांना मिळाली. त्या अठराही जणांना मुळात काही ना काही आजार होता. बरेच जण जन्मजात दोष असलेली बालके होती. निरोगी माणसाने बायोटिन घ्यावे असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

विरुद्ध बाजूचा पुरावाही पाहिला पाहिजे. २०१६ साली झुरिकच्या एका तज्ज्ञांनी केस गळण्याची तक्रार घेऊन आलेल्या ५४१ स्त्रियांच्या रक्तातील बायोटिन मोजले. ३८ टक्के स्त्रियांत ते कमी आढळले. वरवर पाहता हा गोळ्यांच्या बाजूचा पुरावा वाटतो. पण जिचे केस गळत नाहीत अशा ५४१ स्त्रियांच्या रक्तात किती टक्के कमी आढळले असते? ते मोजलेलेच नव्हते. पुन्हा तोच दुसरा गट हरवलेला!

मग लोकांना गुण का येतो?

‘पण माझ्या मावशीला तर गुण आला!’ असे तुमच्यापैकी कुणी म्हणेल. मावशी खोटे बोलत नाही. उत्तर केसांच्या वाढीच्या पद्धतीत आहे.

आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, मग सुमारे शंभर दिवस विश्रांती घेतो आणि गळून पडतो. त्याच मुळातून नवा उगवतो. कोणत्याही वेळी साधारण दहा टक्के केस विश्रांतीत असतात. एक लाखाचे दहा टक्के म्हणजे दहा हजार. हे दहा हजार केस शंभर दिवसांत गळायचे, म्हणजे रोज शंभर. तेव्हा रोज पन्नास ते शंभर केस कंगव्यात येणे हा रोग नव्हे, हिशेब आहे.

मोठा ताप, बाळंतपण, उपासमार अशा धक्क्यानंतर मात्र पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. अमेरिकेतील डॉ. क्लिगमन यांनी १९६१ साली या प्रकाराचे सविस्तर वर्णन केले. करोनाच्या साथीनंतर हा अनुभव आपल्याकडेही घरोघरी आला. आता माणूस गोळी केव्हा सुरू करतो? केस सर्वांत जास्त गळत असतात तेव्हा. त्यानंतर काही महिन्यांत गळणे आपोआप थांबणारच असते. गोळी घेतली तरी, नाही घेतली तरी. कोंबडा आरवला आणि सूर्य उगवला. पण कोंबड्याने सूर्य उगवला काय?

दुसरे गणित. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. ३० सेंटिमीटर लांब वेणीचे टोक अडीच वर्षांपूर्वी तयार झालेले आहे. त्वचेबाहेरचा केस निर्जीव असतो. त्याला रक्तपुरवठा नाही. आज घेतलेली गोळी त्या टोकाला कशी पोचणार? बोटाचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते, पूर्ण नवे व्हायला पाच-सहा महिने लागतात. ‘पंधरा दिवसांत फरक’ हे म्हणणे या वेगांशी जुळत नाही.

बुलढाण्यातील टक्कल

कारण न शोधता उपाय केला तर काय होऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. डिसेंबर २०२४ पासून बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. डोके खाजायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. १८ गावांतील २७९ माणसांना हा त्रास झाल्याची नोंद झाली. त्यांत शाळा-कॉलेजातील मुलीही होत्या. लाजेने कुणी घराबाहेर पडेना, कुणाच्या लग्नाची बोलणी अडली. प्रथम पाण्यावर संशय घेतला गेला, बुरशीची शंका आली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथकही येऊन गेले.

विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही तपास केला. त्यांनी रुग्णांच्या रक्ताचे, लघवीचे आणि केसांचे नमुने तपासले. सेलेनियम हे मूलद्रव्य त्यांत अनुक्रमे ३५, ६० आणि १५० पट वाढलेले आढळले. जस्त मात्र कमी झालेले होते. स्वस्त धान्य दुकानातून आलेल्या गव्हाचा त्यांना संशय आला. तपासणीत त्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघाले. हा गहू पंजाबकडून आल्याचे त्यांनी सांगितले. पंजाबात होशियारपूर-नवांशहर भागातील काही जमिनीत सेलेनियम फार आहे आणि तेथे जनावरांचे केस व खूर गळाल्याच्या नोंदी पूर्वीपासून आहेत.

आवर्त सारणी उघडा. गंधकाच्या बरोबर खाली सेलेनियम आहे. केराटिनची बळकटी गंधकाच्या अणूंमधील बंधांवर अवलंबून असते. सेलेनियम गंधकासारखेच वागते, त्यामुळे जास्त झाले की गंधकाच्या जागी शिरते, आणि केस व नख कमकुवत होतात. आता हिशेब करा. माणसाला रोज सुमारे ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम लागते. ४०० पेक्षा जास्त घेऊ नये असे मानतात. वरील गव्हाच्या १०० ग्रॅम पिठातच १,४५० मायक्रोग्रॅम होते. आणि चपात्या खाणारा माणूस दिवसाला १०० ग्रॅमवर थांबत नाही.

हा गहू खाणे बंद केल्यावर काहींचे केस पाच-सहा आठवड्यांत पुन्हा उगवू लागले. आता कल्पना करा : त्या जानेवारीत कुणी या गावांत बायोटिनच्या गोळ्या वाटल्या असत्या तर? पाच-सहा आठवड्यांनी केस आले असते, सर्व श्रेय गोळ्यांना मिळाले असते, आणि गव्हाची पोती उघडून पाहण्याची कुणाला गरज वाटली नसती.

आणखी एक गोष्ट. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या कित्येक मिश्र गोळ्यांत सेलेनियमही घातलेले असते. २००८ साली अमेरिकेत एका पूरक द्रवात चुकून लेबलावर लिहिल्याच्या २०० पट सेलेनियम गेले. २०१ माणसे बाधित झाली. त्यांच्यातील पुष्कळांचे केस गळाले, नखे खराब झाली. आरोग्यासाठी घेतलेल्या पूरकानेच टक्कल पडले!

रक्त-तपासणीची फसगत

‘बायोटिन जास्त झाले तर लघवीवाटे जाते, मग घेतले तर बिघडले कुठे?’ असे विचारता येईल. बायोटिन स्वतः विषारी नाही, हे खरे. पण मघाची ती घट्ट पकड आठवा. प्रयोगशाळांत थायरॉइड वगैरेंच्या अनेक तपासण्यांत हीच पकड उपयोगात आणतात. अ‍ॅव्हिडिनचाच भाऊ शोभेल असे ‘स्ट्रेप्टॅव्हिडिन’ हे प्रथिन आणि बायोटिन यांच्या साहाय्याने रक्तातील हवा तो रेणू पकडून मोजतात. रुग्णाच्या रक्तात गोळ्यांमुळे भरमसाट बायोटिन असेल, तर ते त्या सर्व जागा आधीच अडवून बसते आणि आकडे चुकतात.

याचा परिणाम पाहा. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले, की केस गळतात. तेव्हा टीएसएच हे संप्रेरक रक्तात वाढते, आणि त्यावरून डॉक्टर रोग ओळखतात. समजा, अशी एक मुलगी केसांसाठी बायोटिन घेत आहे. तिचे टीएसएच खरोखर वाढलेले आहे. पण बायोटिनमुळे तपासणीत ते कमी दिसते. अहवाल येतो : सर्व ठीक! जो रोग साध्या औषधाने बरा झाला असता, तो गोळीनेच लपवला. हृदयविकाराच्या झटक्यात पाहिल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनच्या तपासणीतही असेच होऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये याविषयी इशारा दिला. त्यात, बायोटिन घेणाऱ्या एका रुग्णाचे ट्रोपोनिन चुकून कमी दिसले आणि त्याचा मृत्यू झाला, अशी नोंद होती. म्हणून घरात कुणी या गोळ्या घेत असेल, तर रक्त देण्यापूर्वी ते डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेला अवश्य सांगावे. थायरॉइडच्या तपासणीपूर्वी निदान दोन दिवस गोळी बंद ठेवायला सांगतात.

काय करावे?

केस खरोखरच फार गळत असतील तर आधी कारण शोधावे. आमच्या जिल्ह्यात कुपोषण, रक्तक्षय आणि सिकलसेल हे जुने प्रश्न आहेत. प्रथिने फार कमी पडलेल्या बालकाचे केस विरळ, तांबूस होतात आणि सहज उपटले जातात. अशा बालकाला अंडी, डाळ, शेंगदाणे, दूध हवे. बाटलीतील गोळी नव्हे. रक्तातील हिमोग्लोबिन, थायरॉइड, अलीकडचा ताप, घरातील धान्य हे सर्व पाहिल्यावर डॉक्टरांना बायोटिनची उणीव वाटली, तर ते बायोटिन देतील, आणि मग ते उपयोगीही पडेल.

शिक्षकांसाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. वर्गातील प्रत्येकाने अंगठ्याच्या नखावर, मुळाशी कातडी संपते तेथे, कानसपट्टीने हलकी आडवी खूण करावी. मुळापासून खुणेचे अंतर दर आठवड्याला मोजून आलेख काढावा. जवळजवळ सरळ रेषा मिळेल. तिचा उतार म्हणजे नखाच्या वाढीचा वेग. निरनिराळ्या विद्यार्थ्यांच्या उतारांत किती फरक पडतो तो पाहा. गोळी न घेताच एवढा फरक पडत असेल, तर एखाद्या गोळीने वेग वाढला असे म्हणायला किती विद्यार्थी, किती महिने आणि कोणते दोन गट लागतील, याची चर्चा वर्गात करावी. नखांना गोळी मात्र देऊ नये. मोजपट्टी आणि वही पुरे.